आधी नाव, मग भाकर : ख्रिस्ती प्रार्थनेतील मागण्यांचा क्रम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक दंडक होता. शब्दाचे मूळ पाहिल्याशिवाय वाक्याचा अर्थ लावायचा नाही. आजचा विषय मी निवडला त्यालाही एक शब्दच कारणीभूत आहे. तो शब्द म्हणजे ‘गौरव’. मी जन्माने ख्रिस्ती नाही. गोव्यात मराठी शिकवीत असताना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापाशी आलो आणि त्या वाटेने बायबलच्या वाचनाकडे वळलो. त्या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ख्रिस्ती परंपरेने प्रार्थना करायला शिकविताना मागणाऱ्याच्या सुखाला दुसरी जागा दिली आहे आणि पहिली जागा देवाच्या नावाच्या मानाला दिली आहे. ही मांडणी का केली असावी, ती माणसाच्या दुःखावर अन्याय करते का, आणि तिचा दुरुपयोग कोठे झाला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मागणे हा तर माणसाचा स्वभावच. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल घेऊन जातात, हे आपणांस ठाऊक आहे. कोणाला मूल हवे असते, कोणाचा मुलगा आखातात असतो, कोणाचे दुखणे बरे होत नाही. आपण त्याला नवस म्हणतो, आंगवण म्हणतो. ‘तू हे कर, मी ते देईन’ असा तो करार असतो. अशा मागण्याची टिंगल करणाऱ्या सुशिक्षितांपैकी मी नाही. ज्याचे पोर तापाने फणफणले आहे त्याला तत्त्वज्ञान सुचत नाही, आणि सुचूही नये. प्रश्न एवढाच की मागणे तेथेच थांबावे काय.

येशूने शिष्यांना शिकविलेली जी प्रार्थना ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून प्रसिद्ध आहे, ती मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात, थोडी आखूड, अशी दोन ठिकाणी येते. जगात रोज सर्वाधिक ओठांवर येणाऱ्या प्रार्थनांत ती मोडते. तिच्यातील मागण्यांचा क्रम पाहा. प्रथम पित्याला हाक. मग देवाचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा स्वर्गाप्रमाणे पृथ्वीवरही पूर्ण व्हावी, या तीन मागण्या. त्यानंतर भाकर, क्षमा आणि मोह व वाईट यांपासून सुटका. पहिल्या तिन्ही मागण्यांत ‘तुझे’ आहे. पुढच्या सर्वांत ‘आमचे’ आहे. ‘माझे’ हा शब्द संपूर्ण प्रार्थनेत एकदाही येत नाही. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाच्या नजरेतून ही गोष्ट सुटणे कठीण. एकांतात, दार लावून घेऊन, प्रार्थना करायला याच अध्यायात सांगितले आहे; तरीही त्या बंद खोलीतला एकटा माणूस अनेकवचनातच बोलतो. या अनेकवचनाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख तेथे आहे.

भाकर चौथ्या क्रमांकावर आहे, याचा अर्थ ती क्षुल्लक आहे असा नव्हे. ती प्रार्थनेत आहे, आणि रोजची आहे. देवाकडे पोटासाठी मागणे कमीपणाचे, असे मानणारे विरक्त लोक सर्व धर्मांत असतात. येशूची प्रार्थना त्यांच्या बाजूची नाही. येथे फक्त आधी काय आणि मग काय, हे ठरविले आहे.

आता त्या ‘गौरव’ शब्दाकडे येतो. मराठी बायबलमध्ये देवाच्या थोरवीसाठी हा शब्द जागोजागी येतो. त्यामागे हिब्रू भाषेतला जो शब्द आहे तो ‘काबोद’, आणि त्याच्या धातूचा अर्थ ‘जड असणे’ असा आहे. एखाद्याचे काबोद म्हणजे त्याचे वजन. आपल्याकडे वृत्ते शिकताना लघु-गुरू सर्वांनी मोजले आहेत. गुरू म्हणजे जड. गुरूचा भाव तो गौरव. दोन परस्परांपासून दूर असलेल्या भाषाकुलांनी मानाची कल्पना वजनावरूनच घ्यावी, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. ज्या कोणी प्रथम हा शब्द योजला त्याने काबोदचे भाषांतर केले एवढेच नव्हे, त्याचे मूळही मराठीत जसेच्या तसे उभे केले. देवाला गौरव देणे म्हणजे त्याची स्तुती गाणे, हा अर्थ मागाहूनचा. मूळ अर्थ, ज्याचे जेवढे वजन आहे तेवढे आपल्या तराजूत त्याला देणे. माझे दुखणे, माझी नोकरी, माझा मान यांनाही वजन आहे. पण तराजूत देव हलका आणि मी जड झालो, तर मोजमापच चुकले.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे येतो, आणि तो नास्तिकांनीच घेतला आहे असे नाही. आपले नाव सर्वांनी मोठे मानावे असे म्हणणारा देव हा एखाद्या स्तुतिप्रिय संस्थानिकासारखा नाही काय? इंग्रज लेखक सी. एस. लुइस यांनी स्तोत्रसंहितेवरील आपल्या १९५८ च्या पुस्तकात कबूल केले आहे की श्रद्धेकडे वळण्याच्या काळात नेमका हाच काटा त्यांना सलत होता. उत्तर बायबलमध्येच आहे. पन्नासाव्या स्तोत्रात देव सांगतो की मला भूक लागली असती तरी ती मी तुम्हांला सांगितली नसती, कारण सारे जग माझेच आहे. म्हणजे देवाला काही उणे आहे आणि ते आपण स्तुतीने भरून काढतो, अशी ही कल्पना नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी या प्रार्थनेवर विवेचन लिहिले. तेथेही हाच खुलासा आहे. देवाचे नाव आपल्या प्रार्थनेने पवित्र होत नाही, ते आपल्या ठायी पवित्र राहावे असे आपण मागतो. पुढे सुमारे तेराशे वर्षांनी, १५२९ मध्ये, मार्टिन लूथर यांनी घराघरांतील मुलांसाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तीत जवळजवळ हेच उत्तर आहे. एरवी रोमन आणि प्रॉटेस्टंट परंपरा पुष्कळ ठिकाणी वेगळ्या बोलतात. या एका वाक्यापाशी त्या एकत्र दिसतात.

तत्त्व सांगून झाले. पण तत्त्वापेक्षा माणसे पाहिली की गोष्ट उलगडते. बायबलच्या पूर्वार्धात, म्हणजे जुन्या करारात, दोन माणसे मला यासाठी फार महत्त्वाची वाटतात.

पहिला मोशे. मिसर देशातून सुटलेल्या लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडली, तेव्हा देव कोपला आणि मोशेला म्हणाला की मी यांचा नाश करतो व तुझ्यापासूनच मोठे राष्ट्र निर्माण करतो. मोशेच्या दृष्टीने हा केवढा लाभ! सतत कुरकुर करणाऱ्या त्या जमावापासून कायमची सुटका, आणि वर वंशाची कीर्ती. मोशेने ती देणगी बाजूला सारली आणि देवापुढे प्रश्न ठेवला, की मिसरी लोक काय म्हणतील? यांना डोंगरात नेऊन मारण्यासाठीच बाहेर काढले, असे नाही का म्हणणार? देवाच्या नावाची काळजी देवालाच आठवण करून देणारी ही प्रार्थना आहे. पुढे त्याच अध्यायात तो लोकांसाठी क्षमा मागतो आणि म्हणतो की ती नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझेच नाव खोडून टाक. देवाचे नाव राहावे, लोक राहावेत. आपले नाव गेले तरी चालेल. लोकांचा जीव आणि देवाचा मान त्याच्या मागणीत एकाच बाजूला आहेत, पलीकडच्या पारड्यात फक्त मोशे आहे. हे ध्यानात ठेवावे.

दुसरा यहूदाचा राजा हिज्कीया. याच्या तीन प्रसंगांची कथा ‘दुसरे राजे’ या पुस्तकात ओळीने येते, आणि ती मांडणाऱ्याचे मला नेहमी कौतुक वाटते, कारण त्याने राजाला रंगही लावला नाही आणि डागही पुसला नाही. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. यहूदाची गावे पडली होती. सन्हेरीबाच्या स्वतःच्या कोरीव लेखातही हिज्कीयाला यरुशलेमात कोंडल्याची फुशारकी आहे. शरण ये, तुझा देव तुला वाचविणार नाही, अशा मजकुराचे पत्र आले. हिज्कीयाने ते पत्र घेतले, मंदिरात गेला आणि देवापुढे उघडून पसरले. त्याची प्रार्थना वस्तुस्थिती नाकारीत नाही. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उद्ध्वस्त केली हे खरेच आहे, असे तो सांगतो. मग मागतो, की आम्हांला सोडव, म्हणजे पृथ्वीवरील सर्व राज्यांना कळेल की तूच देव आहेस. सुटका हवीच आहे. पण सुटकेचे प्रयोजन स्वतःच्या सिंहासनापलीकडे आहे.

त्यानंतरचा प्रसंग आजारपणाचा. संदेष्टा यशया येऊन सांगतो, घराची व्यवस्था लाव, तू जगणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड फिरवितो. मी तुझ्यापुढे सरळपणे वागलो आहे, याची आठवण कर, एवढेच म्हणतो आणि हुंदके देऊन रडतो. येथे देवाच्या नावाचा उल्लेख नाही, राष्ट्रांचा नाही. केवळ एक घाबरलेला आजारी माणूस. देवाने त्याला फटकारले काय? नाही. यशया अजून अंगण ओलांडून गेला नव्हता तोच त्याला परत फिरविले, आणि राजाला आणखी पंधरा वर्षे मिळाली. गळवावर अंजिरांचे पोटीस लावल्याचाही उल्लेख आहे. कसलेही मोठे प्रयोजन न सांगता केवळ जगण्यासाठी फोडलेला टाहो देव ऐकतो, हे या कथेत आहे आणि आजच्या विषयावर बोलणाऱ्याने ते झाकून ठेवू नये.

तिसरा प्रसंग मात्र उदास करणारा. बाबेलहून आलेल्या वकिलांना हिज्कीयाने सगळा खजिना उघडून दाखविला. यशया म्हणाला, एक दिवस हे सारे बाबेलला जाईल, तुझ्या वंशजांनाही नेतील. त्यावर राजा म्हणतो की हे वचन चांगलेच आहे. आणि मनात विचार असा, की निदान माझ्या हयातीत तरी शांतता राहील. भिंतीकडे तोंड करून रडलेला हिज्कीया मला जवळचा वाटतो, हा नाही. दुखण्यात स्वतःसाठी मागणे निराळे आणि मुलाबाळांच्या नाशावर आपली स्वस्थता मान्य करणे निराळे. सुखाला पहिली जागा दिली की ते कोठवर नेते, याचे इतके थोडक्यात केलेले चित्र मी दुसरे वाचलेले नाही.

येशूच्या स्वतःच्या प्रार्थनेत हे दोन्ही सूर ऐकू येतात. योहानाच्या बाराव्या अध्यायात तो सांगतो की माझा जीव व्याकूळ झाला आहे. या घटकेपासून मला वाचव असे म्हणू काय? आणि मग पित्याच्या नावाचे गौरव व्हावे, एवढेच मागतो. गेथशेमाने बागेत मात्र तो प्याला दूर करण्याची विनंती उघडपणे करतो, आणि तीही एकदाच करून थांबत नाही. प्रत्येक वेळी शेवटी आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवतो. प्याला दूर झाला नाही. पौलानेही आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनविले, आणि तोही गेला नाही. ज्या परंपरेच्या केंद्रस्थानी एक नामंजूर झालेली विनंती आहे, तिला प्रार्थना म्हणजे हुकमी उपाय असे सांगताच येणार नाही. तसे सांगणारे प्रचारक अलीकडे पुष्कळ दिसतात. त्यांनी गेथशेमानेचे पान पुन्हा काढून पाहावे.

यहुदी परंपरेतला एक दाखला येथे दिल्यावाचून राहवत नाही, कारण प्रभूच्या प्रार्थनेच्या आरंभाशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. ‘कद्दिश’ ही अरामी भाषेतील प्रार्थना देवाचे थोर नाव मोठे आणि पवित्र व्हावे, येथून सुरू होते. आईवडील वारले की मुलगा पुढे महिनोन् महिने ती म्हणतो. आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातही ती म्हटली जाते. आश्चर्य असे की शोकाकुल माणसाच्या तोंडी दिलेल्या या प्रार्थनेत मृत्यूचा, मृताचा किंवा दुःखाचा एक शब्दही नाही. आहे ते देवाचे नाव आणि शेवटी शांतीची मागणी. ती एकट्याने म्हणायची नसते. दहा प्रौढ जण जमावे लागतात. म्हणजे ज्याचे घर रिकामे झाले त्याला समाज माणसांत आणून उभा करतो आणि सर्वांदेखत देवाचे नाव घ्यायला लावतो. त्याचे दुःख ते नाव घेणाऱ्या आवाजातच असते, ते निराळे सांगावे लागत नाही.

आता गोव्याकडे वळू. येथे जेझुइट पंथाचे धर्मगुरू सोळाव्या शतकात आले. त्यांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे मूळचे सैनिक; १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पायाला गोळा लागून ते अंथरुणाला खिळले आणि त्या दुखण्यातून त्यांचे आयुष्य बदलले. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ मध्ये छापलेल्या ग्रंथाच्या आरंभी एक तत्त्व आहे : आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांत आपण आपल्यापुरती आवड ठेवू नये, देवाच्या सेवेस जे उपकारक ते निवडावे. गीतेतल्या समत्वाची येथे आपणांस आठवण होईल, पण घाईने दोन्ही एक मानू नयेत. इग्नेशियसचे समत्व ही कर्मफलाविषयीची भूमिका नव्हे. एका व्यक्तीवरच्या निष्ठेतून ते आलेले आहे. ‘देवाच्या अधिक मोठ्या गौरवासाठी’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद या पंथाने धारण केले. स्टीफन्स याच पंथाचे. इंग्लंडात जन्मलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यास आला, साष्टीत राहिला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. मराठी ओवीत लिहिलेले त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्याने कोकणीत लिहिलेली, प्रभूची प्रार्थना असलेली धर्मशिक्षणाची पोथी त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, रायतूर येथे छापली गेली. परक्या देशात कायमचे राहणे, तेथली भाषा ओवी रचण्याइतकी आत्मसात करणे, यात स्वतःच्या सुखाचा त्याग होताच.

पण याच भूमीवर बोलताना दुसरी बाजू सांगितली नाही, तर ते व्याख्यान गोव्यातले ठरणार नाही. देवाच्या गौरवाच्या नावानेच १५६० मध्ये येथे धर्मन्यायालय आले आणि १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चालले. देवाच्या गौरवाच्या नावानेच १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. ज्यांनी हे केले तेही रोज प्रभूची प्रार्थना म्हणत होते. मग या तत्त्वातच दोष आहे काय?

माझे उत्तर त्या अनेकवचनात आहे. देवाच्या मानासाठी मागे ठेवायचे ते सुख कोणाचे? मोशेने स्वतःचे नाव पणाला लावले, लोकांचे नव्हे. येशूने स्वतःचा प्याला स्वीकारला. शिष्यांना मात्र जाऊ द्या, असे त्याने पकडायला आलेल्यांना सांगितले. भाकर ‘आमची’ आहे, म्हणून शेजाऱ्याची भाकर माझ्या हातून दुसऱ्या जागी ढकलली जाऊ शकत नाही. तो माझा अधिकारच नव्हे. उलट आमोस संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात गरिबांना पायदळी तुडविणे वगैरे अन्यायांची यादी देऊन देव म्हणतो की याने माझे पवित्र नाव बाटते. दुसऱ्याच्या दुःखावर उभारलेला गौरव हा बायबलच्या मोजमापात वजनाचा ठरतच नाही. दुःखी माणसाला ‘देवाच्या गौरवासाठी सोस’ असे बाहेरून सांगणारा उपदेशकही, सौम्य अंशाने का होईना, हीच चूक करतो. ते वाक्य ज्याचे दुःख आहे त्यानेच उच्चारावयाचे असते.

याचे आपल्या भाषेतले सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणून मी पंडिता रमाबाईंकडे पाहतो. १८८३ मध्ये त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे ते साधले नाही. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा यांना केडगावच्या मुक्ती सदनात आणले. प्रार्थनेला त्यांच्या दिवसात मोठी जागा होती, पण आधी देवाचे नाव म्हणून मुलींची भाकर थांबली, असे तेथे कधी झाले नाही. थांबले ते रमाबाईंचे स्वतःचे स्वास्थ्य. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून, कमी शिकलेल्या बायांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. छपाईचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. सबंध ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

शेवटी एक रीत सांगतो आणि थांबतो. रोमन कॅथलिक परंपरेत गंभीर आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार आहे. पूर्वी तो जवळजवळ मरणसमयीच होई. १९७२ मध्ये त्याचा विधी नव्याने सिद्ध झाला, तेव्हापासून तो आजाऱ्यांचा संस्कार म्हणून ओळखला जातो. धर्मगुरू रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतो, कपाळाला आणि तळहातांना तेल लावतो आणि देवाने याला बरे करावे, याचे दुःख हरावे, याला पुन्हा आपल्या कामाला लागता यावे, असे अगदी स्पष्ट शब्दांत मागतो. त्यात आडपडदा नसतो. त्यानंतर खाटेभोवतीची सगळी माणसे, आणि शक्य असल्यास तो रुग्णही, मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. आणि ती अर्थातच देवाच्या नावापासून सुरू होते.